निर्वहणाच्या प्रतीक्षेतील प्रेक्षक
‘तुझ्यात जीव रंगला’ या मालिकेच्या उत्तरकालीन भागांविषयीचा कौल

झी मराठी वाहिनीवरील ‘तुझ्यात जीव रंगला’ ही कौटुंबिक मालिका ३ ऑक्टोबर २०१६ रोजी सुरू झाली व २ जानेवारी २०२१ रोजी तिचा अखेरचा भाग प्रक्षेपित झाला. सव्वाचार वर्षांच्या या अवधीत तिचे बाराशेंहून अधिक भाग झाले. कथेची भूमी कोल्हापूरची, पात्रांची बोली कोल्हापुरी, आणि चित्रीकरणही प्राधान्येकरून याच परिसरातले. करवीर तालुक्यातील वसगडे येथील एक वाडा तर गायकवाडांचा वाडा म्हणून सर्व महाराष्ट्रास परिचित झाला आणि तो पाहावयास दूरदूरची माणसे येऊ लागली. ज्या नगरीत १९२९ साली प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली, तिच्या पंचक्रोशीत कॅमेऱ्याचे अप्रूप असावयाचे विशेष कारण नव्हते. परंतु या येणाऱ्यांना कॅमेरा पाहावयाचा नव्हता. त्यांना ते घर पाहावयाचे होते. मालिकेच्या शेवटाविषयी प्रेक्षकांनी जे मत दिले, त्याचा अर्थ लावताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

मालिकेच्या उत्तरकाळात, म्हणजे स्थूलमानाने २०१९ व २०२० या दोन वर्षांत, प्रेक्षकवर्गातून उमटणारा सूर तक्रारीचा होता. कथा भरकटली, नको इतकी लांबली, आता ती आवरती घ्यावी, असे म्हणणारे पुष्कळ होते. मात्र मालिका संपणार हे निश्चित होताच हळहळणारेही पुष्कळ निघाले, आणि हे दोन वर्ग परस्परांहून भिन्न होते असे समजावयास आधार नाही. एकाच घरात, किंबहुना एकाच मुखातून, दोन्ही उद्गार निघत होते. या विसंगतीचे प्रचलित स्पष्टीकरण असे की, रोज ठरावीक वेळी दिसणाऱ्या माणसांची सवय लागते; सवय जडली की गुणावगुणांचा विचार मागे पडतो; म्हणून प्रेक्षक कंटाळतोही आणि सुटल्यावर व्याकूळही होतो. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे, परंतु त्यात प्रेक्षकाविषयीची एक तुच्छता दडलेली आहे. कंटाळलेल्या माणसाने नेमक्या कोणत्या गोष्टीला कंटाळल्याचे सांगितले, हे ऐकून घेण्याचे कष्ट ते घेत नाही.

मराठी साहित्यविचारात या प्रश्नाला लागू पडेल असा एक सिद्धान्त जुना आहे. न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून सविकल्प समाधीची कल्पना मांडली. वाचक पात्राशी एकरूप होतो, पण आपले वेगळेपण सर्वस्वी सोडीत नाही. या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयीन आनंदाचे रहस्य आहे, असे तिचे सार सांगता येईल. केळकरांसमोर होते ते नाटक आणि पुस्तक. ही दोन्ही काही तासांत वा काही दिवसांत संपणारी. नाटकाचा प्रेक्षक समाधीतून पडदा पडताच बाहेर येतो. सव्वाचार वर्षे पडदाच न पडणाऱ्या कथेत त्या समाधीचे काय होते? उत्तर असे दिसते की, समाधी टिकते, परंतु विकल्पाचे काम बदलते. प्रेक्षकाचा जो अंश कथेबाहेर उभा असतो, तो येथे केवळ आस्वाद घेत नाही. तो कथेची स्मृती सांभाळतो. पहिल्या महिन्यात कोण काय बोलले होते, कोणाचा स्वभाव कसा होता, कोणते वचन अद्याप फिटलेले नाही, याचा हिशेब तो ठेवीत असतो. मालिकेच्या लेखकवर्गात चार वर्षांत बदल होऊ शकतो, पात्रे करणारे नटही बदलतात. याच मालिकेत नंदिता ही महत्त्वाची खलव्यक्तिरेखा प्रथम धनश्री काडगावकर यांनी रंगविली व २०२० मध्ये ती माधुरी पवार यांच्याकडे गेली. प्रेक्षक तेवढा तोच राहतो. आरंभाचा खरा राखणदार तो होय.

हा आरंभ काय होता? राणा, म्हणजे रणविजय गायकवाड, हा सधन घरातील, फारसे न शिकलेला, लाजराबुजरा मल्ल. आणि अंजली पाठक ही शाळेत शिकविणारी सुशिक्षित तरुणी. या दोघांच्या प्रीतीची ही कथा. मुंबई-पुण्याच्या समीक्षकांनी राणाचा लाजरेपणा हा विनोदाचा सोपा मसाला मानला असेल. कोल्हापूरच्या प्रेक्षकास तो तसा वाटण्याचे कारण नव्हते. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, काळा इमाम अशा तालमींच्या या शहरात मल्लाच्या ब्रह्मचर्याला व्रताची प्रतिष्ठा आहे. मातीत उतरलेल्या पोराने स्त्रीकडे मान वर करून पाहू नये, हा तालमीचा दंडक येथे घरोघर ठाऊक आहे. त्यामुळे राणाचे संकोचणे हा स्वभावाचा चमत्कार न राहता दोन निष्ठांमधील ओढ ठरते. एका बाजूस तांबडी माती व वस्तादाची शिकवण, दुसऱ्या बाजूस अंजली. तिच्याशी लग्न झाल्यावरही तो तिला ‘पाठकबाई’ असेच म्हणतो. पत्नीला माहेरच्या आडनावाने आणि ‘बाई’ हा शिक्षिकेचा मान जोडून हाक मारणारा नवरा मराठी मालिकांत तरी नवीनच होता. या एका संबोधनात कथेचे सारे बीज सामावलेले आहे. अक्षरांपुढे नमणारे बळ आणि बळातील निर्मळपणा ओळखणारी विद्या, असे ते बीज होय.

नाट्यशास्त्राने कथावस्तूच्या पाच अर्थप्रकृती सांगितल्या आहेत: बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य. पताका म्हणजे मुख्य कथेस साहाय्यभूत होणारे दीर्घ उपकथानक. तिने मुख्य कथेस उपकारक व्हावे, तिची जागा घेऊ नये, ही अपेक्षा. दैनंदिन मालिकेच्या रचनेत अडचण अशी की, बीजातून निघणारे कार्य जेथे पूर्ण होते तेथे मालिका संपावयास हवी, आणि ती संपविणे हे कोणाच्याच व्यावसायिक हिताचे नसते. म्हणून कार्य पुढे ढकलावयाचे आणि मधली जागा पताकांनी भरावयाची. मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण या संधींपैकी पहिले दोन काही आठवड्यांत आटोपतात. पुढे वर्षानुवर्षे कथा गर्भ आणि विमर्श यांत हेलकावे खाते. इष्टप्राप्ती दिसते, हरवते, पुन्हा दिसते, पुन्हा हरवते. निर्वहण येते ते वाहिनीच्या निर्णयाने, बीजाच्या परिपाकाने नव्हे. राजाराम महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’ या १९३१ सालच्या ग्रंथात रचनेच्या तंत्राचा जो आग्रह धरला, त्याचा पगडा पुढे दोन पिढ्यांच्या कथालेखनावर राहिला. त्याच कोल्हापुरात, रचनेचे सर्व नियम उधळूनही लक्षावधींना धरून ठेवणारी कथा चित्रित व्हावी, यात काव्यगत न्याय आहे की अन्याय, हे फडक्यांच्या चाहत्यांनी ठरवावे.

उत्तरकाळातील दोन कथावळणे येथे तपासून पाहण्याजोगी आहेत. पहिले राजा राजगोंडाचे. राणा मृत झाल्याची समजूत आणि त्यानंतर त्याच्याच चेहऱ्याच्या राजगोंडाचे आगमन, हे २०१९ मधील कथानक. तर्काच्या कसोटीवर यातील काहीच टिकत नाही. परंतु मराठी प्रेक्षकाला एका चेहऱ्याच्या दोन माणसांचे वावडे कधीच नव्हते. तोतयाच्या बंडापासून दुहेरी भूमिकांच्या चित्रपटांपर्यंत ही युक्ती त्याने आनंदाने मान्य केलेली आहे. राजगोंडा प्रकरणी झालेल्या तक्रारींचा मथितार्थ अशक्यतेविषयीचा होता असे मानणे म्हणूनच चुकीचे ठरेल. तक्रार होती ती नायक हरवल्याची. चेहरा तोच, देह तोच, पण लाजरेपणा गेलेला, आणि अंजलीकडे पाहण्याची दृष्टी परक्याची. नट हार्दिक जोशी यांना या भूमिकेत काही निराळे करून दाखविण्यास वाव मिळाला हे मान्य करूनही म्हणावे लागते की, प्रेक्षक जे पाहावयास बसत होता ते त्या काळात पडद्यावर नव्हते. पताकेने मुख्य कथेस दूर सारले होते.

दुसरे वळण याहून उद्बोधक आहे. २०२० मधील टाळेबंदीमुळे चित्रीकरणे थांबली, जुलैमध्ये नवे भाग पुन्हा दिसू लागले, आणि त्या पर्वात राणा पोलिसाच्या गणवेशात आला. अडाणी मल्ल पोलीस अधिकारी कसा होईल, हा आक्षेप सहज सुचणारा आहे व तो घेतलाही गेला. परंतु वास्तवाच्या दृष्टीने पाहता या मालिकेतील सर्वांत खरे वळण कदाचित हेच असेल. महाराष्ट्रात मल्लाला पोलीस खात्यात नोकरी मिळणे ही परिचित गोष्ट आहे. नरसिंग यादव आणि विजय चौधरी या नामवंत मल्लांना राज्याने पोलीस उपअधीक्षकपद दिले. खेड्यातील गरीब बापाने मुलाला तालमीत धाडताना किताबाच्या मागे उभी असलेली ही नोकरीही मनात धरलेली असते. आता राणा शिकलेला नाही ही अडचण खरी. परंतु त्याच घरात एक शिक्षिका आहे. पाठकबाईंनी आपल्या नवऱ्याला अक्षरे शिकवावीत, परीक्षेस बसवावे, तो दोनदा नापास व्हावा, घरातल्यांनी हसावे, तालमीतल्यांनी रुसावे, असे सहा महिने मालिकेने दाखविले असते तर ते बीजाचेच विस्तारण झाले असते. लेखकांच्या हाती ही सामग्री आयती होती. प्रत्यक्षात प्रेक्षकाच्या मनावर ठसला तो गणवेश. त्यामागची वाट ठसली नाही. जीवनात संभवनीय असलेली गोष्ट नाट्यात असंभवनीय कशी वाटते, आणि उलट जीवनात अशक्य असलेला राजगोंडा निदान काही काळ कसा चालून जातो, याचे याहून सोपे उदाहरण ॲरिस्टॉटलचा तो प्रसिद्ध विचार शिकविणाऱ्या प्राध्यापकाला सापडणे कठीण. नाट्यातील संभव हा घटनेच्या शक्यतेवर अवलंबून नसून तिच्या पूर्वतयारीवर अवलंबून असतो. प्रेक्षकाने ‘पटत नाही’ असे म्हटले. हे न पटणे पोलीसभरतीच्या नियमांविषयी नव्हते. ज्या माणसाला तो चार वर्षे ओळखत होता, त्या माणसाविषयी होते.

कोल्हापूरच्या प्रेक्षकाविषयी एक गोष्ट जाता जाता नोंदविली पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली बांधविलेल्या खासबाग मैदानात बसून कुस्ती पाहण्याचा वारसा ज्या शहराला आहे, त्याच्या अंगी निकालाची एक विशिष्ट जाण मुरलेली असते. येथे कुस्ती ‘निकाली’ हवी. गुणांवर ठरलेली कुस्ती जुन्या शौकिनास रुचत नाही, आणि बरोबरीत सोडविलेली तर नाहीच. मल्ल थकले, वेळ संपली, पंचांनी हात धरून सोडविले, की मैदानात जो एक असमाधानाचा गलका उठतो, त्यात दोन्ही मल्लांविषयीचे प्रेम असते आणि पंचांविषयीचा रागही असतो. ‘संपवा एकदाची’ आणि ‘संपली का?’ हे दोन उद्गार एका मुखातून कसे निघतात, हे ज्याला कळत नसेल त्याने तो गलका एकदा ऐकावा. पहिल्या उद्गाराचा अर्थ ‘निकाल लावा’ असा आहे. दुसऱ्याचा अर्थ ‘निकाल न लावताच सोडवली का?’ असा आहे. त्यांत विसंगती नाही.

इतर मालिकांशी तुलना केली असता ही उपपत्ती कोठे लागू पडते व कोठे नाही, हे दिसते. ‘होणार सून मी ह्या घरची’ ही मालिका जानेवारी २०१६ मध्ये संपली. तिच्या अखेरच्या काळात जान्हवीच्या लांबलेल्या गरोदरपणावर महाराष्ट्रभर विनोद झाले. तेथे प्रेक्षकाने कथाकाळ आणि निसर्गकाळ यांची सांगड न बसल्याचे अचूक हेरले, आणि हसून दाखविले. पण त्या हसण्यात नायिकेविषयीचा लोभ कमी झालेला नव्हता. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही मालिका मार्च २०२१ मध्ये संपली. राधिकेच्या तीनशे कोटींच्या मसाल्याच्या उद्योगाची थट्टा झाली खरी, परंतु तेथे बीज सरळ होते: दुराचारी गुरुनाथला शासन झाले पाहिजे. असे बीज कितीही ताणले तरी त्याचे कार्य प्रेक्षकाच्या दृष्टीआड होत नाही. ‘तुझ्यात जीव रंगला’चे बीज नाजूक होते. त्याचे कार्य म्हणजे कोणाला शासन होणे नव्हे. दोन माणसांनी एकमेकांना हळूहळू घडविणे हे ते कार्य. असे कार्य खलनायिकेच्या कारस्थानांनी पुढे जात नाही, फक्त थांबून राहते. नंदितेचे प्रत्येक नवे कारस्थान हे त्यामुळे मालिकेच्या आयुष्यात भर घालीत होते आणि तिच्या आशयातून वजा करीत होते.

प्रेक्षकांच्या मागणीने कथा वळते, याची उदाहरणे जगभर आहेत. आर्थर कॉनन डॉयल याने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला मारले आणि वाचकांच्या आग्रहापुढे नमून दहा वर्षांनी त्याला जिवंत परत आणले. हिंदीतील ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ या मालिकेत मृत मिहीर असाच परतला. मात्र मृत्यू झाला की निषेध सोपा असतो, त्याला नेमका विषय असतो. कथा हळूहळू विरत जाते तेव्हा निषेधाला बोट ठेवावयास जागा सापडत नाही, आणि मग ‘भरकटली’ हा एकच शब्द सर्व तक्रारींचे ओझे वाहतो.

येथे अभ्यासपद्धतीचा एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो, आणि दूरचित्रवाणीवर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्यांनी तो टाळू नये. मालिकेचे भवितव्य ज्या टीआरपीवर ठरते, तो २०१५ पासून बार्क या संस्थेकडून मोजला जातो. निवडक घरांतील दूरचित्रवाणी संचाला जोडलेले यंत्र कोणती वाहिनी किती वेळ चालू होती याची नोंद करते, आणि घरातील माणसे आपापल्या नावाचे बटन दाबून आपण पाहत असल्याचे कळवितात. हे यंत्र पाहणे मोजते. मत मोजत नाही. राणाचा गणवेश पाहून कपाळावर हात मारणारी गृहिणी आणि त्यावर प्रसन्न झालेली गृहिणी यंत्राच्या लेखी एकच. किंबहुना चिडून शेवटपर्यंत पाहणारी ही आनंदाने पाहता पाहता दूध उतू जाते म्हणून उठून गेलेलीपेक्षा अधिक मोलाची ठरते. आकड्यांवरून रसिकतेचे निष्कर्ष काढणारे प्रबंध यामुळेच पोकळ ठरतात. उलट बाजूस, केवळ लिहून व्यक्त झालेल्या प्रतिक्रिया गोळा करणाऱ्यांचीही फसगत होते. कारण लिहिणारा हा बहुधा तरुण, बहुधा शहरी, आणि बहुधा रागावलेला असतो. वसगड्याचा वाडा पाहावयास कुटुंबासह आलेल्या आजीबाईंनी काहीच लिहिले नाही. त्या आल्या, त्यांनी चौक पाहिला, सोपा पाहिला, उंबऱ्याला हात लावला आणि त्या परत गेल्या. समीक्षेच्या दृष्टीने हाही एक अभिप्रायच आहे, आणि तो नोंदविण्याचे साधन अद्याप कोणी घडविलेले नाही.

कोल्हापूरच्याच पार्श्वभूमीवर बेतलेल्या आणखी एका मालिकेने या प्रश्नाला निराळे उत्तर देऊन पाहिले. स्टार प्रवाह वाहिनीवरील ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’ ही शिर्के-पाटील घराण्याची कथा २०२० ते २०२४ या काळात चालली. गौरी आणि जयदीप यांची कथा पुढे नेणे अवघड झाले तेव्हा २०२३ मध्ये दोघांना मृत्यू देऊन पुनर्जन्म देण्यात आला व कथा पंचवीस वर्षे पुढे सरकली. पुनर्जन्म ही भारतीय कथनपरंपरेतील प्रतिष्ठित युक्ती होय, तिच्यावर श्रद्धा नसलेलाही तिला कथेत स्थान देतो. परंतु एका निर्वहणाचा मोबदला न देताच दुसरे बीज पेरणे, ही त्या युक्तीची अशा वेळची खरी भूमिका असते. ज्या प्रेक्षकांनी यावर नापसंती व्यक्त केली, त्यांना पुनर्जन्म अमान्य नव्हता. पहिल्या जन्माचे देणे तसेच राहिले होते.

‘तुझ्यात जीव रंगला’ला मिळालेले निर्वहण मात्र मालिकेबाहेरचे आहे आणि त्याची नोंद केल्याविना या कौलाचे चित्र अपुरे राहील. राणा आणि अंजली यांच्या भूमिका करणारे हार्दिक जोशी व अक्षया देवधर यांनी मालिका संपल्यानंतर, मे २०२२ मध्ये, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी साखरपुडा केला आणि २ डिसेंबर २०२२ रोजी पुण्यात त्यांचा विवाह झाला. दोन नटांच्या खाजगी जीवनातील ही घटना. समीक्षेने तिच्यात डोकावण्याचे कारण नाही. परंतु तिचे स्वागत कसे झाले, हा समीक्षेचा विषय आहे. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत नावे आली ती राणादा आणि पाठकबाई अशी. मालिका बंद होऊन दोन वर्षे होत आली होती, राजगोंडा विस्मरणात गेला होता, पोलिसाचा गणवेशही. मथळ्यांत उरलेली नावे होती ती पहिल्या वर्षाची. लाजऱ्या मल्लाने शिक्षिकेला मारलेली हाक प्रेक्षकाने जपून ठेवली होती, आणि मालिकेने न केलेला समारोप त्याने दोन नटांच्या लग्नात आपला आपण करून घेतला. लग्नमंडपातली माणसे वेगळी आहेत हे त्याला चांगले ठाऊक होते. केळकरांच्या सिद्धान्तातील तो विकल्प अखेरपर्यंत जागा होता.